'फर्ज', एजंट ११६ आणि पांढरे बूट

नेने_बोरिवली

परवा नातीचा पहिला वाढदिवस झाला. केक कापताना हॉलवाल्याने सवयीने 'बार बार दिन ये आये' लावलं. जावई विचारतात, "बाबा, हे कुठल्या सिनेमातलं हो? कौटुंबिक असणार." म्हटलं, नाही, हेरगिरीचा आहे. त्यांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. शेवटी रात्री घरी आल्यावर मी, बायको आणि जावई, तिघांनी बसून 'फर्ज' पाहिला.

१९६७ चा सिनेमा. सुरुवातीलाच एजंट ३०३ मारला जातो, तपासाला एजंट ११६ म्हणजे गोपाळ, म्हणजे जितेंद्र येतो. मग सुनीता (बबिता), तिचे संशयास्पद वडील दामोदर (सज्जन) आणि सगळ्यांच्या वर बसलेला 'सुप्रीमो'. जितेंद्र याच सिनेमाने स्टार झाला असं जिथेतिथे लिहिलेलं असतं. आता पाहताना मात्र मला हा माणूस हेर म्हणून एका मिनिटालाही पटला नाही. मारामारी म्हणजे पुढचं गाणं सुरू होईपर्यंतचा टाइमपास.

तर प्रश्न दोन. एक, तो स्टार झाला ते नक्की कशाने? दोन, हेर म्हणून इतका चालला तर पुन्हा हेर का झाला नाही? ज्यांनी तेव्हा थेटरात पाहिलाय त्यांनी कृपया लिहावं. गूगल करून लिहिणाऱ्यांनीही लिहावं, पण हळू.

खवचट_खविस

बुटांनी.

मालती_सातारा

मी तेव्हा नववीत होते. साताऱ्यात सिनेमा मुंबईनंतर बऱ्याच दिवसांनी यायचा, तोवर गाणी रेडिओवर ऐकून पाठ झालेली असायची. त्यामुळे आम्ही गेलो ते गाण्यांसाठीच, हेरबिर कुणाच्या डोक्यात नव्हता. मोठ्या भावाने नेलं होतं. 'मस्त बहारों का मैं आशिक' सुरू झालं आणि पुढच्या बाकांवरची पोरं उठून नाचायला लागली. डोअरकीपर बॅटरी घेऊन ओरडत होता. आम्ही मुली तोंडावर रुमाल धरून हसत होतो.

गोष्टीतलं म्हणाल तर मला एवढंच आठवतं की मध्ये मध्ये बंदुका उडत होत्या.

चाळकरी_गिरगाव

या धाग्यावर लिहायचा पहिला हक्क गिरगावकरांचा आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

रवी कपूर, म्हणजे जितेंद्र, जन्मला अमृतसरला (१९४२), पण वाढला आमच्या गिरगावातल्या चाळीत. शाळा सेंट सेबॅस्टियन गोवन हायस्कूल, पुढे के. सी. कॉलेज. शाळेपासूनचा दोस्त म्हणजे ठाकूरद्वारचा राजेश खन्ना, तोही अमृतसरचाच आणि त्याच साली जन्मलेला. घरचा धंदा इमिटेशन दागिन्यांचा, सिनेमावाल्यांना पुरवायचे. त्या निमित्ताने परळला 'राजकमल'मध्ये जाणं-येणं झालं आणि शांतारामबापूंच्या नजरेत भरला. 'नवरंग'मध्ये (१९५९) त्याने काय काम केलं माहीत आहे? हीरोइन संध्याचा डबल! जंपिंग जॅकची (हे जितेंद्रचं पुढचं टोपणनाव) सुरुवात साडी नेसून झाली आहे, लक्षात ठेवा.

मग बापूंनी 'गीत गाया पत्थरों ने'मध्ये (१९६४) हीरो केलं, जोडीला स्वतःची मुलगी राजश्री. जितेंद्र हे नावही त्यांनीच दिलं. त्या ऑडिशनची तयारी राजेश खन्नाने करून घेतली होती. म्हणजे पुढच्या सुपरस्टारने आधी मित्राची शिकवणी घेतली.

बरं, बापूंनी एवढं करूनसुद्धा तीन वर्षं फारसं काही घडलं नाही. चाळीतल्या जुन्या माणसांकडून मी ऐकलंय, तेव्हा लोक "तो शांतारामांच्या सिनेमातला पोरगा" एवढंच म्हणायचे. 'फर्ज'नंतर "आपला जितेंद्र" झाला. आजही गणपतीत जुन्या चाळीत दर्शनाला आला की फोटो पेपरात येतो.

खवचट_खविस

इमिटेशन दागिने विकणाऱ्या घरातून इमिटेशन बाँड निघाला, यात नवल ते काय.

चाळकरी_गिरगाव

खविस, गिरगावात येऊन हे बोला. पियुष पाजून मारू.

फिल्लमबाज

नेनेकाका, तुमचा दुसरा प्रश्नच चुकलाय. तो पुन्हा हेर झाला होता! 'रक्षा' नावाचा सिनेमा आहे, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. परवीन बाबी, आर. डी. बर्मनचं संगीत आणि जितेंद्र पुन्हा गोपाळ, एजंट ११६. दिग्दर्शकही तोच, रविकांत नगाइच.

आणि मधल्या काळात हा ११६ नंबर रिकामा नव्हता. १९७३ च्या 'कीमत'मध्ये एजंट ११६ गोपाळ झाला धर्मेंद्र. नाव तेच, नंबर तोच, माणूस बदलला. बाँडसारखंच.

नेने_बोरिवली

'रक्षा'बद्दल खरंच माहीत नव्हतं. चूक मान्य. पण मग प्रश्न आणखी अवघड झाला की. ज्या भूमिकेने नाव मिळालं तीच पुन्हा केली, तर 'रक्षा' कुणालाच का आठवत नाही?

सुलू_ठाणे

कारण त्यात वाढदिवसाचं गाणं नाही. :)

हैदराबादी_जोशी

आता आमची पाळी. आमचं कुटुंब तीन पिढ्या काचीगुड्यात. तुम्ही ज्याला 'फर्ज' म्हणता ते आमच्याकडे एक वर्ष आधीच होऊन गेलं होतं. 'गूढचारी ११६', १९६६, तेलुगू. हीरो कृष्णा, हीरोइन जयललिता (होय, त्याच). निर्माते दुंडी आणि सुंदरलाल नाहटा, त्यांनीच मग हिंदीत 'फर्ज' काढला. गूढचारी म्हणजे हेर, मराठी माणसाला हा शब्द फोडून सांगायची गरज नाही.

गंमत बघा, कृष्णाचीही गोष्ट अगदी जितेंद्रसारखीच आहे. १९६५ ला 'तेने मनसुलु'मधून हीरो म्हणून आला. पण समोर एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी असे दोन डोंगर उभे. पौराणिक एकाकडे, देवदासगिरी दुसऱ्याकडे. नव्या पोराला जागा कुठे? 'गूढचारी'ने जागा दिली, कारण तिथे कुणी उभंच नव्हतं. त्यानंतर तो 'आंध्रा जेम्स बाँड'. पुढे १९७१ ला काउबॉयचा सिनेमा काढला, 'मोसगाळ्ळकु मोसगाडू'. जे कुणी करत नाही ते आधी करून टाकायचं, हा त्याचा खाक्या शेवटपर्यंत होता.

एकाच पटकथेवर दोन भाषांत दोन स्टार उभे राहिले, तेव्हा हे नुसतं बुटांचं काम नाही, खविससाहेब.

आणि ११६ चं काय ते सांगतो. तेलुगू लग्नकार्यात आहेर 'नूट पदहार्लु', म्हणजे एकशे सोळा रुपये देतात. आपले एकशे एक, तसे. निर्मात्यांनी त्यासाठीच नंबर घेतला असं मी म्हणत नाही, पण आमच्याकडच्या प्रेक्षकाला तो आकडा कानाला शुभ वाटला असणार.

खवचट_खविस

फ्रेंच सिनेमात ओएसएस ११७ नावाचा हेर आहे. त्यातून एक वजा केला की झालं. आहेराचं पाकीट उगाच मध्ये आणू नका.

हैदराबादी_जोशी

तो फ्रेंच ११७ मलाही माहीत आहे. पण वजाच करायचा तर एकच का, दहा का नाही?

अदिती_बंगळुरू

साउथची लाटच होती ती. तमिळमध्ये जयशंकर 'वल्लवन ओरुवन' (१९६६) करून तिकडचा बाँड झाला. कन्नडमध्ये साक्षात राजकुमारांनी 'जेडर बले' (१९६८) केला, त्यात ते सीआयडी ९९९. त्याच वर्षी पुढचा भाग आला 'गोवादल्लि सीआयडी ९९९'. गोवेकर कुणी असतील तर बघा, जुना गोवा दिसेल. राजकुमार मात्र आधीच मोठे होते, त्यांना हेराने मोठं केलं नाही.

'डॉ. नो' १९६२ चा, 'गोल्डफिंगर' १९६४ चा. म्हणजे आपल्याकडे दोन-तीन वर्षांत सगळ्या भाषांनी आपापला नंबर शिवून घेतला.

मेजर_निवृत्त

एक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. 'फर्ज' १९६७ चा. रॉची स्थापना सप्टेंबर १९६८ ची. तोपर्यंत परदेशातल्या हेरगिरीचं काम इंटेलिजन्स ब्यूरोकडेच होतं. १९६२ आणि १९६५ च्या लढायांत जे उघडं पडलं त्यातून ही वेगळी संस्था काढावी लागली. म्हणजे आपला एजंट ११६ नोकरीला लागला तेव्हा त्याचं ऑफिसच बांधलेलं नव्हतं. सामान्य माणसाला 'सीक्रेट एजंट' हा प्राणी सरकारी कागदाआधी पडद्यावर दिसला.

त्या दोन लढायांनंतर घातपात करणारे परकी हस्तक ही पेपरातली रोजची भाषा होती. आम्ही शाळेत असताना अनोळखी माणूस गावात दिसला तरी हेर असेल म्हणून मागे लागायचो. एकदा एका बिचाऱ्या आयुर्विमा एजंटाला आम्ही चावडीवर नेऊन बसवला होता. एजंट तर तोही होताच.

मालती_सातारा

मेजरसाहेब, हसून हसून पुरेवाट.

संगीतवेडा

अवांतर, पण तितकंही नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आनंद बक्षी. या सिनेमातली द्वंद्वगीतं नीट ऐका. 'हम तो तेरे आशिक हैं सदियों पुराने' मुकेश आणि लता. 'तुमसे ओ हसीना' रफी आणि सुमन कल्याणपूर. एकाच सिनेमात एका हीरोला दोन आवाज आणि एका हीरोइनला दोन आवाज, ही अशी विचित्र मांडणी का? साठच्या दशकात काही वर्षं रॉयल्टीच्या वादावरून लता आणि रफी एकत्र गात नव्हते. लता हवी तर मुकेश घ्या, रफी हवा तर सुमनताई घ्या. 'फर्ज' हा त्या भांडणाचा ध्वनिमुद्रित पुरावा आहे.

आणि एक. 'मस्त बहारों का' हे मुळात शम्मी कपूरचं गाणं आहे. म्हणजे रफीने ते शम्मीच्या थाटात गायलंय. शम्मी तोवर अंगाने सुटला होता, उड्या मारायला कुणीतरी पंचविशीतला हवा होता. ती जागा हेराने नाही भरली, रफीच्या आवाजाला साजेशा पायांनी भरली. माझं उत्तर हेच.

सुलू_ठाणे

सुमन कल्याणपूरना नेहमीच असं दुसऱ्या कुणाच्या भांडणामुळे बोलावणं यायचं, आणि त्या येऊन इतकं सुंदर गाऊन जायच्या की बास. 'तुमसे ओ हसीना' मी कितीतरी वर्षं लताचंच समजत होते. लाज वाटते सांगायला.

संगीतवेडा

वाटू देऊ नका. रेडिओवरही लोक चुकलेत.

पुणेरी_पगडी

जितेंद्रला अभिनय येत नव्हता, पाय येत होते. हे सत्य सांगायला चाळीस प्रतिसाद कशाला?

चाळकरी_गिरगाव

पगडी, 'परिचय' पाहिलात? 'खुशबू'? 'किनारा'? गुलजारने मिशी लावून, चष्मा घालून ज्याला उभं केलं तो कोण होता?

पुणेरी_पगडी

मिशी आणि चष्मा.

नेने_बोरिवली

भांडा, पण धाग्यावर राहा. अजून चाळीस प्रतिसादही झालेले नाहीत.

कॅमेरामागचा

मी आयुष्यभर कॅमेरा डिपार्टमेंटमध्ये काम केलं, आता निवृत्त. सगळे जितेंद्रवर लिहिताहेत, मी नगाइचवर लिहितो, कारण माझ्या मते खरी ग्यानबाची मेख तिथे आहे.

रविकांत नगाइच मुळात कॅमेरामन, मद्रासकडे तेलुगू पौराणिक सिनेमांत तयार झालेला. १९६१ च्या 'सीताराम कल्याणम'मध्ये एनटीआरचा (एन. टी. रामारावांचा) दशमुखी रावण याने टिपला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. असं काम कॅमेऱ्यातच करायचं म्हणजे काय, तर लेन्सपुढे काळा मुखवटा लावायचा, एक कोपरा उघडा ठेवून शॉट घ्यायचा, फिल्म तंतोतंत मागे गुंडाळायची, तो कोपरा झाकायचा, दुसरा उघडायचा, पुन्हा शॉट. एक तोंड इंचभर हललं की सगळं मुसळ केरात. नटाने खांबासारखं उभं राहायचं आणि कॅमेऱ्याला तर कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

असा माणूस हेरपट करायला घेतो तेव्हा काय होतं? स्फोट, गुप्त अड्डे, लाल दिवे, सरकते दरवाजे हे त्याच्यासाठी रावणापुढे पोरखेळ असतात. बाँडच्या पैशाच्या मानाने चिल्लर खर्चात तो ते उभं करतो. नेनेकाकांना आज ती मारामारी हास्यास्पद वाटते, पण १९६७ च्या प्रेक्षकाने हिंदीत त्या वेगाने कापलेला सिनेमा किती पाहिला होता?

आता पुढचं ऐका. याच नगाइचने १९७९ ला 'सुरक्षा' केला. हीरो मिथुन, गनमास्टर जी-९. मिथुनला 'मृगया'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळून तीन वर्षं झाली होती, पण गल्लीतल्या पोरांना तो ठाऊक झाला 'सुरक्षा'ने. 'डिस्को डान्सर' त्याच्याही नंतरचा. मग 'वारदात' आला. म्हणजे बारा वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने दोन वेगळ्या पोरांना हेराचा कोट घालून स्टार केलं. आणि दोघेही नाचणारे! याला मी योगायोग मानत नाही. नगाइचला कळलं होतं की आपल्याकडे हेराच्या हातात पिस्तुल कमी महत्त्वाचं, कमरेला लचक हवी.

फिल्लमबाज

कॅमेरामागचा, _/\_ . भर घालतो: 'सुरक्षा'त मिथुनच्या हेराचं नाव गोपी. गोपाळचा धाकटा भाऊच जणू. आणि नगाइचने राजेश खन्नालाही घेतलंय, 'मेरे जीवन साथी', १९७२. गिरगावचे दोन्ही दोस्त त्याच्याकडे येऊन गेले.

देवगडचा_आंबा

बुटांचा विषय पहिल्या प्रतिसादात निघाला आणि तसाच राहिला. 'मस्त बहारों'साठीचे ते पांढरे बूट जितेंद्रने साध्या दुकानातून स्वतः विकत आणले होते, कुणा ड्रेसवाल्याने शिवले नव्हते. पुढे तेच त्याचं चिन्ह झालं.

आता आमच्या घरची गोष्ट. माझे काका तेव्हा मुंबईत गिरणीत. पगारातले पैसे साठवून त्यांनी दादरच्या एका दुकानातून तसलेच पांढरे चकचकीत बूट घेतले. शिमग्याला यायचं तर रजा नाही मिळाली, म्हणून ते बूट घालून गावी आले ते थेट जूनमध्ये. एस.टी. तिठ्यावर उतरली, पुढे घरापर्यंत दोन मैल लाल चिखल. काकांनी बूट काढले, पिशवीत घातले, पिशवी डोक्यावर घेतली आणि अनवाणी चालत आले. अंगणात पाय धुतले, मग ओटीवर बूट घातले आणि आजोबांपुढे उभे राहिले. आजोबांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "रे, नाटकात काम लागला काय तुका?"

ते बूट पुढे खरंच दशावतारी मंडळींनी नेले. आमच्या गावात एक वर्ष नारद पांढऱ्या बुटांत होता.

सुलू_ठाणे

नारदही एका अर्थी हेरच की. तिन्ही लोकांत बातम्या पोचवणारा.

मेजर_निवृत्त

डबल एजंट.

हैदराबादी_जोशी

कॅमेरामागचा यांच्या पोस्टला एक जोड. जितेंद्र आणि कृष्णा यांचं खातं 'फर्ज'पाशी बंद झालं नाही. १९८२ ला जितेंद्रची स्वतःची निर्मिती 'दीदार-ए-यार' साफ आपटली, चांगलाच पैसा बुडाला. त्यातून त्याला वर काढलं १९८३ च्या 'हिम्मतवाला'ने. तो कुणाचा? पद्मालयाचा, म्हणजे कृष्णाच्या घरच्या संस्थेचा. तोही कृष्णाच्याच तेलुगू सिनेमाचा रिमेक, 'ऊरुकी मोनगाडू'. म्हणजे जितेंद्र दोनदा उभा राहिला, आणि दोन्ही वेळा कृष्णाने आधी घालून पाहिलेला सदरा घालून. नोव्हेंबर २०२२ मध्ये कृष्णा गेले तेव्हा मराठी पेपरांत फक्त 'महेश बाबूचे वडील' असं आलं. वाईट वाटलं.

मालती_सातारा

महेश बाबूची बायको आपली नम्रता शिरोडकर ना? आणि नम्रता ही मीनाक्षी शिरोडकरांची नात. 'ब्रह्मचारी' (१९३८), 'यमुना जळी खेळू खेळ'. म्हणजे आंध्रच्या बाँडची सून आपल्या पोहण्याच्या पोशाखवाल्या पहिल्या नायिकेची नात. काय काय जुळतं बघा.

पुणेरी_पगडी

झालं. हेरगिरीवरून सोयरिकीवर आलो. पत्रिका कुणी बघतंय का?

वाचनालय_दादर

मला नेनेकाकांच्या मूळ प्रश्नावर बोलायचंय. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड इतकी वर्षं लिहिले, घरोघरी वाचले गेले. रहस्याची भूक आपल्याकडे होतीच. पण त्या पुस्तकांतल्या नायकाला गाणं म्हणावं लागत नव्हतं. सिनेमातल्या हेराला लागतं. आणि गाणं म्हणणारा हेर गुप्त कसा राहणार? सगळ्या बागेला कळतं की ११६ आला. म्हणून हिंदी हेरपटात हेर हा नुसता हँगर असतो, कपडे हीरोचे लटकतात. 'फर्ज'मध्ये ते पहिल्यांदा नीट लटकले, एवढंच.

आणि एक तारीख लक्षात घ्या. त्याच १९६७ साली शांतारामबापूंचा 'बूँद जो बन गई मोती' आला. हीरो जितेंद्रच. तिथे तो आदर्शवादी मास्तर, 'ये कौन चित्रकार है' म्हणत मुलांना निसर्ग दाखवणारा. एकाच वर्षात त्याच चेहऱ्याचे दोन पर्याय लोकांपुढे होते, मास्तर आणि उड्या मारणारा एजंट. ज्यांनी नाव दिलं ते मास्तर मागत होते, लोकांनी एजंट घेतला.

चाळकरी_गिरगाव

हे मात्र पटलं. 'बूँद'ची आठवण काढल्याबद्दल आभार. तरी सांगतो, 'चित्रकार'च्या वेळी आमच्या गॅलरीत अजूनही सगळे गप्प होतात.

नेने_बोरिवली

सर्वांचे आभार. काल एक प्रयोग केला. 'फर्ज' पुन्हा लावला आणि रिमोट हातात घेऊन सगळी गाणी पुढे ढकलली, नुसता हेर पाहायचा म्हणून. मध्यंतराच्या आत डोळा लागला. उठलो तो 'मस्त बहारों का' ऐकून. बायको स्वयंपाकघरातून येऊन रिमोट घेऊन बसली होती आणि तिने फक्त गाणी लावली होती, ओळीने. म्हणाली, "मी नगरला पाहिला होता तेव्हाही मला एवढंच आठवत होतं."

जावई आता 'सुरक्षा' शोधताहेत.

खवचट_खविस

पहिला प्रतिसाद पुन्हा वाचावा ही नम्र विनंती.

अदिती_बंगळुरू

कुणाकडे 'गूढचारी ११६' सबटायटलसह आहे का? जोशीकाका?

हैदराबादी_जोशी

सबटायटल नाहीत. फोन करा, मी शेजारी बसून सांगत जाईन. पण गाण्यात बोलणार नाही.